यू वुरने वाढवून का नाही घेतलं

पन्नास डब्या विणायच्या होत्या आणि तेविसावी हातात होती, तेवढ्यात मागच्या दाराने यू वुर आली. ईदेनंतर आठव्या दिवशी आमच्याकडे नारळाच्या कोवळ्या पात्यांच्या चौकोनी डब्या विणायच्या, त्यांत तांदूळ भरून चार-पाच तास उकडायचे आणि तो घट्ट भात नारळाच्या रश्श्यातल्या कोंबडीबरोबर खायचा, असा रिवाज आहे. पाती सकाळी तोडलेली होती, दुपारपर्यंत वाळून चिरायला लागली असती. मी मान वर न करताच म्हटलं, "ये यू, बस. चार विण."

"एवढ्या डब्या? कुणाचं लग्न काढलंस, जेंग?"

"क्लबचा मेळावा नाही का उद्या? माझ्या वाटणीला पन्नास आल्यात."

"मेळावा." तिने पातं उचललं, बोटाभोवती गुंडाळलं आणि पुन्हा टोपलीत टाकलं. "उद्या मी त्याच्या पाया पडणार नाहीये. तुला आधीच सांगून ठेवते, मग तिथे माझा हात ओढू नकोस."

माझ्या हातातली डबी सुटली. अस्तगफिरुल्ला! ईदेच्या महिन्यात असलं कुणी बोलतं का?

यू वुर, म्हणजे वुर्यानी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमच्या मागेलांग शहरात थोरल्या बहिणीला यू म्हणतात आणि ती मला जेंग म्हणते, धाकटी म्हणून. मोठ्या पुरुषाला पाक म्हणायचं, मोठ्या बाईला बू, आणि तरुणाला मास. आमच्या भिंती एकीला एक लागून आहेत. ती बायकांचे नमाजाचे पांढरे झगे शिवते. माझे तिन्ही तिचेच. बुटकी, सावळी, आणि उजवा हात डाव्यापेक्षा इतका जाड की स्वतःच्या पोलक्याची उजवी बाही अर्धा इंच सैल ठेवावी लागते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, शिंपीण असून स्वतःची बाही चुकवली. चुकवलेली नाही. तो रॅकेटचा हात आहे.

बॅडमिंटन आमच्याकडे मशिदीइतकंच घरोघरी. अठ्ठावन्न साली पुरुषांचा मोठा चषक पहिल्यांदा देशात आला तेव्हा यू वुर आठ वर्षांची होती. गल्लीत एकच रेडिओ, त्याभोवती शंभर माणसं, आणि तिला फक्त लोकांच्या पोटऱ्या दिसत होत्या, असं ती सांगते. त्याच आठवड्यात सिमेंटच्या अंगणात चुन्याच्या रेघा पडल्या. शाळेचे कवायत मास्तर पाक हार्दोयो यांनी पोरापोरींना रांगेत उभं केलं आणि क्लब काढला. पुढे दर वर्षी कुणी लंडनला जिंकून आलं, कुणी जकार्त्यात, की आमच्या गल्लीत कोंबड्या कापल्या जायच्या. जग जिंकणं ही आमच्याकडे घरातलीच गोष्ट होती. म्हणूनच हरणारीची गत वाईट.

बायकांसाठी तेव्हा सामुद्रधुनी चषक म्हणून एक स्पर्धा होती. पाच देशांचे संघ, दर दोन वर्षांनी, प्रत्येक लढतीत पाच सामने. आता तो चषक बंद पडलाय. पैसे देणारं कुणी उरलं नाही आणि पोरींना कुणी आठवतही नाही. पण त्र्याहत्तर साली मलेशियातल्या इपोहला अंतिम लढत झाली तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. आमची पहिली खेळाडू तापाने पडली म्हणून पाचव्या सामन्याला राखीव वुर्यानी उतरली. वय तेवीस. संघाचे व्यवस्थापक पाक हार्दोयो.

तिसऱ्या डावात ती दहा-सहाने पुढे होती. त्या काळी बायकांचा डाव अकरा गुणांचा असायचा आणि जिच्या हाती सर्व्हिस तिलाच गुण मिळायचा. एक गुण हवा होता, एकच. आणि तिच्या पोटरीत गोळा आला. समोरचीने दहा-दहा केले.

तेव्हा नियम असा होता की दहा-दहा झाले की जी आधी दहावर पोचली तिला पंच विचारायचे : दोन गुण वाढवून घेणार, की अकरावरच संपवायचं? सर्व्हिस समोरचीच्या हाती. वाढवून घेतलं नाही तर तिला एकाच गुणाची गरज, आणि तो पुढच्याच फटक्याला मिळू शकतो. आमच्या गल्लीतली कालची पोरसुद्धा म्हणेल, वाढवून घे. यू वुर म्हणाली, नको. समोरचीने उंच सर्व्हिस केली, हिने मागच्या कोपऱ्यातून हलकेच शटल टाकलं, ते जाळीच्या पट्टीवर टेकलं आणि आपल्याच बाजूला पडलं.

त्यानंतरची तेहतीस वर्षं एकच प्रश्न. वाढवून का नाही घेतलं?

लग्नाच्या मांडवात सासरच्या म्हाताऱ्याने विचारलं. बाळंतपणात सुईणीने विचारलं, कळा चालू असताना. गेल्या साली पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भूल देणारा डॉक्टर सुई हातात धरून म्हणाला, "बू, एक सांगा, वाढवून का नाही घेतलंत?" आणि उत्तर द्यायच्या आत ती झोपली. भाजीवाली भोपळा तोलताना म्हणते, "पाव किलो वाढवून देऊ का? नाहीतर तुम्ही नकोच म्हणाल!" आणि स्वतःच हसते. खेळाडूंना बँकेत नोकऱ्या मिळत तशी हिलाही मिळायची होती. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत बँकेचे साहेबच निवृत्त झाले. नवरा, पाक सुमित्रो, भला माणूस. त्याने जन्मात कधी विचारलं नाही, कारण त्याला फुटबॉल आवडायचा. "म्हणून तर केलं त्याच्याशी," ती म्हणायची. तो जाऊन नऊ वर्षं झाली.

लोकांना ती काय उत्तर देते? "चुकलं." एवढंच. मलाही कितीतरी वर्षं तेच सांगितलं. मग एकदा रमजानच्या आधी माझा झगा बेतताना, तोंडात टाचण्या धरून, तिने खरं काय ते सांगितलं. पंचाने विचारलं तेव्हा तिने बाकाकडे पाहिलं. पाक हार्दोयोंनी पंजा उलटा धरून खाली दाबला. नको. संपव. तिची पोटरी त्यांना दिसत होती, लांबवलं तर ही उभी राहणार नाही असा त्यांचा हिशेब. बाकावरून खेळाडूला खूण करायची नाही असा नियम होता. म्हणून त्या रात्री कुणी बोललं नाही, दुसऱ्या दिवशी विमानात कुणी बोललं नाही, आणि जकार्त्यात पत्रकारांनी विचारलं तेव्हा पाक हार्दोयो म्हणाले, "निर्णय खेळाडूचा असतो." ही शेजारी उभी होती.

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"माझ्या गुरूला मी खोटं पाडू?" टाचणी काढून तिने माझ्या खांद्यात जवळजवळ खुपसलीच. "मला वाटलं, महिन्याभरात तोच सांगेल."

आता आमची ईद कशी असते? सकाळची नमाज झाली की धाकट्याने थोरल्याकडे जायचं, त्याच्यापुढे गुडघे टेकायचे, कपाळ त्याच्या गुडघ्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, माझ्या उघड्या आणि मनातल्या सगळ्या चुकांची क्षमा करा. थोरला डोक्यावर हात ठेवतो, क्षमा केली म्हणतो. चूक कोणती, तिचं नाव कुणी घेत नाही. मला हा रिवाज फार आवडतो, माझं मन त्या दिवशी धुतल्यासारखं होतं. पण यू वुरचं बघा. तेहतीस ईदा ती त्या माणसापुढे वाकली. क्षमा हिने मागायची, त्याने द्यायची. आणि डोकं थोपटून तो म्हणायचा, "माझंही काही चुकलं असेल तर तूही क्षमा कर."

"असेल तर!" ती म्हणायची. "ऐकलंस ना? 'असेल तर' म्हणतो, जेंग!"

मी काय कमी प्रयत्न केले? एकदा शुक्रवारच्या कुराणपठणाला आमच्या बाईंना आडवळणाने विचारलं, की चूक कोणती त्याचं नाव न घेता क्षमा मागितली तर ती पोचते का. बाई म्हणाल्या, माणसाचा माणसाशी गुन्हा असेल तर नाव घेऊनच मागायला हवी, मात्र त्याने आणखी मोठा त्रास होणार नसेल तर. आणि पुढचा अर्धा तास त्या मोठ्या त्रासावरच बोलल्या. घरी येऊन मी यू वुरला म्हटलं, तू मनातल्या मनात क्षमा करून टाक, अल्लाला सगळं दिसतं. ती म्हणाली, "अल्लाला दिसतंच गं. भाजीवालीला दिसत नाही ना!"

या वर्षी मात्र दोन गोष्टी झाल्या. एक, खेळाचे गुण बदलले. आता सगळ्यांनाच एकवीस, प्रत्येक फटक्याला गुण, आणि वाढवून घेण्याचं विचारणंच गेलं. हे ऐकून यू वुर माझ्या ओट्यावर बसून हसली, पण ते हसू मला बघवलं नाही. "नियम मेला," म्हणाली, "प्रश्न तेवढा माझ्याकडे ठेवून गेला." दुसरी गोष्ट, क्लबच्या नव्या हॉलला पाक हार्दोयोंचं नाव द्यायचं ठरलं आणि क्लबचा चिटणीस मास तुंगुल याने शहराच्या बॅडमिंटनची पुस्तिका छापली. परदेशातल्या सगळ्या स्पर्धा, साल, गाव, गुण. त्र्याहत्तर सालापुढे लिहिलं होतं, पाक हार्दोयोंच्या सांगण्यावरून : "निर्णायक क्षणी वुर्यानी हिने स्वतःच्या मर्जीने वाढवून घेण्यास नकार दिला व चषक हातचा गेला."

आजवर तो गप्प होता. आता छापून आलं. स्वतःच्या मर्जीने. ते वाचून ती ईदेच्या दिवशी त्यांच्याकडे गेली नाही. सगळ्या गल्लीने पाहिलं. मला तिघींनी विचारलं, यू वुरचं काय बिनसलं?

तर अशी ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. "उद्या आधी त्याने मागायची," ती म्हणाली. "नाव घेऊन. मग मी दहा वेळा वाकेन."

"एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा तो, यू."

"म्हणूनच उद्या. तो मेला तर मी कुणाला विचारू?"

मी डब्या विणत राहिले. तीही विणू लागली, आणि रागाने विणलेल्या तिच्या डब्या माझ्यापेक्षा घट्ट झाल्या.

मेळावा रविवारी दुपारी नव्या हॉलमध्येच होता. भिंतीचा रंग अजून हाताला लागत होता. कर्ण्यावर भक्तिगीतं इतकी मोठ्याने लावली होती की शेजारचीचं बोलणं ऐकायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. मास तुंगुलने भाषण केलं, पुस्तिका वाटली. पाक हार्दोयो वेताच्या खुर्चीत, काठी दोन्ही हातांत धरून, नवा बाटिकचा सदरा घालून बसले होते, आणि सून मागे उभी राहून वारा घालत होती. मग सगळ्यांची रांग लागली. एकेकाने पुढे जायचं, वाकायचं, क्षमा मागायची, आणि सरळ जेवणाच्या टेबलाकडे. यू वुर माझ्या पुढे. मी मनात कुराणातल्या आयती म्हणत होते. खरं सांगायचं तर तिचे गुडघे आपोआप वाकावेत म्हणून म्हणत होते.

ती खुर्चीपुढे गेली आणि उभी राहिली.

"पाक, या वर्षी आधी तुम्ही."

म्हाताऱ्याने मान वर केली. "काय आधी मी?"

"क्षमा. नाव घेऊन मागा."

"कशाची?"

"दहा-दहाची."

रांग थांबली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो पुढे सरका, रस्सा गार होतोय!" कर्ण्यावर गाणं चालूच. मी तिच्या पाठीला टेकूनच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. बाकी कुणाला येणं शक्यच नव्हतं.

पाक हार्दोयोंची बोटं काठीवर वरखाली झाली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हात केला होता मी."

यू वुरच्या पाठीतून श्वास बाहेर पडला तो मला जाणवला. तेहतीस वर्षांचा.

"पण तू बघायला नको होतंस," ते म्हणाले.

"काय?"

"पंचाने तुला विचारलं होतं. मला नाही. खेळाडूने बाकाकडे बघायचं नसतं, वुर. नियम होता."

"आठ वर्षांची असल्यापासून तुम्हीच शिकवलंत, अडलं की माझ्याकडे बघ म्हणून!"

"सरावात," ते म्हणाले.

एक शब्द. मला वाटलं, आता ही काठी हिसकावून घेते की काय. "आणि छापलंत ते? स्वतःच्या मर्जीने?"

"तुंगुलने विचारलं, काय लिहू. आता या वयात मी काय सांगणार होतो? हॉल तुमच्याच पोरांसाठी आहे." मग सवयीने त्यांचा हात तिचं डोकं थोपटायला उठला. पण डोकं तिथे नव्हतं, ती उभी होती. हात तसाच राहिला, मग काठीवर परत आला. "माझंही चुकलं असेल तर..." त्यांनी सुरुवात केली, आणि सून पुढे वाकून म्हणाली, "बाबा, थकलात ना? बू वुर, मागे केवढी रांग आहे, बघा तरी."

यू वुरने उभ्यानेच त्यांचा हात हातात घेतला, कपाळाला लावल्यासारखं केलं, आणि बाजूला झाली. गुडघे टेकले नाहीत. माझी पाळी आली. मी टेकले. काय बोलले ते मला आठवत नाही. उघड्या आणि मनातल्या चुका म्हटलं असेन, दुसरं काय. पण मनातली चूक तेव्हा नवीच तयार होत होती, कारण मला त्या माणसाचा राग आला होता.

जेवणाच्या टेबलाशी मास तुंगुल पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन उभा. "बू वुर! सही द्या की, तुमचं पान आहे ना. आणि आज खरं सांगा बघू, वाढवून का नाही घेतलं?"

ती एवढी वर्षं "चुकलं" म्हणायची. आज म्हणाली, "पाक हार्दोयोंनी बाकावरून हात केला म्हणून."

मास तुंगुल खो खो हसत सुटला. "ऐकलंत का रे? आता पाकवर ढकलतायत! ईदेला तरी सोडा हो, बू!" टेबलाभोवतीचे सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "आणि शटल जाळीत मीच ढकललं म्हणा!" त्याला आणखी मोठा हशा.

"मी ऐकलंय," मी म्हटलं. माझा आवाज चिरका निघाला. "आत्ता, तिथे, त्यांच्या तोंडून. मी मागेच होते."

"जेंग मुस, तुम्ही शेजारीण," तुंगुल गोड बोलून म्हणाला. "तुम्ही म्हणणारच."

"तर मग जा, त्यांनाच विचार!"

"आता? पाहुणे आलेत, नगरप्रमुखांचं भाषण व्हायचंय. आणि खरं असलं तरी, बू, तेहतीस वर्षांनी नियमभंग केला म्हणून छापू का? देशाचं नाव आहे." असं म्हणून त्याने माझ्या ताटलीत कोंबडीचा चांगला तुकडा वाढला. तेवढंच त्याला देता येण्यासारखं होतं.

आम्ही भाषणाला थांबलो नाही. रिकामी टोपली मधे धरून दोघी परत निघालो. मी म्हटलं, "कबूल तर केलं त्यांनी, यू."

"अर्धं केलं."

"अर्धं तर अर्धं."

"अर्ध्याचं मी काय करू? लोणचं घालू?" थोडं चालून ती थांबली. "जेंग, तू सांग. मी बघायला नको होतं का?"

मला काय कळतं त्या खेळातलं. मी म्हटलं, "गुरू समोर असताना कुठे बघणार होतीस?"

"पण पंचाने मला विचारलं होतं. खरंय ते. मलाच विचारलं होतं." ती पुन्हा चालायला लागली, आता भरभर. "आजवर लोक विचारायचे, वाढवून का नाही घेतलं. त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं, नुसतं सांगता येत नव्हतं. आता म्हाताऱ्याने दुसराच प्रश्न घालून दिला, आणि तो मलाच मला विचारायचाय. याचं उत्तर कुणाकडे आहे?"

क्षमेवरची एक आयत माझ्या ओठांवर होती. मी ती गिळली. तिला आयत ठाऊक नाही असं थोडंच आहे, तीही पाच वेळा नमाज पढते, माझ्या आधी उठून.

दाराशी आल्यावर तिने टोपली माझ्या हातात दिली. "तुझा रिकामा कॅन काढून ठेव," म्हणाली. "घासलेटची गाडी सकाळी सहाला येते, मी रांगेत उभी राहायला जाणार आहे. दोघींचं आणते."